बारा नंबरवर ते

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची. ट्रकवाल्याने पुलाशी उतरवलं आणि तिथून पुढे आमची वरात निघाली: ट्रंक घोड्यावर, मी पायी. घोडा घेऊन आलेली बाई म्हणजे कालिपा एजे. वयाने माझ्या आईएवढी आहे, पण मावशीबिवशी चालणार नाही, एजेच म्हणायचं, थोरली बहीण, असं तिने पहिल्याच वळणावर बजावलं. दुसऱ्या वळणावर माझं वजन विचारलं, तिसऱ्यावर लग्न का झालं नाही ते. चौथ्या वळणावर म्हणाली, एवढीशी पोर ही उमसुनाय, जंगल काय राखणार, जंगलालाच हिला राखावं लागेल. मला ती तिथेच आवडली.

कारागाय-सूचं वनरक्षकाचं घर म्हणजे दोन खोल्या, एकीत एजे नि एकीत मी, एक चूल, छपरावर सौर पॅनल आणि मागे लगेच स्प्रूसचं रान सुरू. रोज सकाळी आठला रेडिओवर तालुक्याच्या कचेरीशी बोलायचं, बाकी दिवस माझा. पाच वर्षं शहरात खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत बघितली, आता डोळे फुटेपर्यंत डोंगर बघते. चहाबरोबर साय आणि जर्दाळूचा मुरंबा मिळाला. माझ्यासारखी सुखी बाई आज अख्ख्या किर्गिझस्तानात नसेल.

६ ऑक्टोबर

दोन दिवस कॅमेरे फिरून बघितले. एकूण बारा आहेत. एक नंबर घरामागे सरपणाच्या ढिगाशी, मग ओढ्याकाठाने चढत चढत बारा नंबर थेट कड्याखाली, जिथे झाडं संपतात. चोरट्या शिकाऱ्यांच्या फासांना आळा बसला तो या कॅमेऱ्यांमुळेच, असं कचेरीत सगळे सांगतात.

बॅटरी नि कार्ड बदलून झालं की चाचणी करावी लागते. कॅमेरा जनावराच्या उंचीवर बघतोय ना, हे कळायला आपणच जनावर व्हायचं. म्हणजे त्याच्यासमोरून हातापायांवर रांगत जायचं. अंगाची ऊब त्याला जाणवली की लाल दिवा लुकलुकतो. मी बाराही ठिकाणी रांगले आणि प्रत्येक ठिकाणी वर बघून जीभ बाहेर काढून दाखवली. नाहीतरी बघणार कोण, मीच. बारा नंबरचं झाड ओळखू यावं म्हणून मागच्या फांदीला माझी पिवळी फीत बांधली.

जुन्या कार्डांवरही पहिला फोटो असाच. निळं चापान, म्हणजे लांब जाड अंगरखा, घातलेला एक पुरुष रांगतोय, कोपरावर लाल ठिगळ. हे तेमिरकुल बैके, म्हणजे थोरले भाऊ, माझ्याआधीचे वनरक्षक, कालिपा एजेचे यजमान. त्यांनी जीभ काढलेली नाही. गंभीर माणूस असावा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एजेने आज सात पोळ्या तळल्या. दर गुरुवारी तळते, तेलाचा वास गेलेल्यांना पोचतो म्हणून. सासू, सासरे, दीर, एकेकाच्या नात्याने पोळी बाजूला ठेवत गेली. नाव कुणाचं घेत नाही. सासरच्या माणसांची नावं आमच्याकडे सुना घेतच नाहीत, एजे तर सासऱ्याच्या नावात 'ताश' होतं म्हणून दगडालाही दगड म्हणत नाही, 'कठीण' म्हणते. काल माझ्या बुटात कठीण गेला होता.

नवऱ्यासाठी मात्र पोळी ठेवली नाही. मार्चमध्ये वर कॅमेरे तपासायला गेले ते परतलेच नाहीत. हिमकडा कोसळला होता, खूप शोधलं, सापडले नाहीत. "आमचे हे अजून यायचेत," ती म्हणाली. त्यांची फेल्टची टोपी दाराशी खुंटीला आहे आणि अंथरूण रोज घातलं जातं. प्रेत नाही म्हणून रडणंही नाही. सात महिने ही बाई रडण्याचीसुद्धा वाट बघत बसली आहे. मी हातातली पोळी खाली ठेवली.

१४ ऑक्टोबर

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

काल बारा नंबरचं कार्ड आणलं. एक कोल्हा, रानशेळ्यांचा कळप, दोनदा लिंक्स, ते मोठं रानमांजर. मग दहा तारखेची पहाट. निळं चापान. कोपरावर लाल ठिगळ. मान खाली घालून एक माणूस रांगत कॅमेऱ्यासमोरून जातोय.

आठ वाजता रेडिओवर साहेबांना सांगितलं. सबिरबेक साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. म्हणाले, तारीख बिघडली असेल, बॅटरी काढली की या कॅमेऱ्यांचं होतंच तसं, तो मार्चमधला चाचणीचा फोटो आहे, आणि त्या बिचारीला यातलं काही सांगू नकोस. मी बरं म्हटलं. पण त्या फोटोत मागे माझी पिवळी फीत आहे.

तेमिरकुल बैके जिवंत आहेत. पाय गेले असतील, डोकंही ठिकाणावर नसेल, पण आहेत. वरच्या कुरणातल्या मेंढपाळाचा, एसेन आबाचा, कळप महिनाअखेरीस खाली उतरतो आणि त्यामागे बर्फ येतं. त्याआधी ते घरी यायला हवेत, नाहीतर हिवाळा त्यांना ठेवणार नाही.

१६ ऑक्टोबर

न राहवून एजेला फोटो दाखवला. ती लॅपटॉपसमोर बसली. बोट ठिगळावर ठेवलं. ते ठिगळ तिनेच लावलेलं. मग तिने बोट हळूच मागे घेतलं, चटका बसल्यासारखं, आणि एवढंच म्हणाली, "तेच."

मी तिला मिठी मारली. तिचं अंग लाकडासारखं झालं होतं.

नंतर मात्र भलतंच बोलायला लागली. वर जायचं नाही, कॅमेरे काढून आणायचे, आणि त्यांच्यासमोर रांगायचा चावटपणा तर मुळीच नाही. मी म्हटलं, अगं पण आणायला नको का खाली? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिवीच दिली. म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि उठून दाराला अडसर लावला.

मला कळतंय तिचं. आपला माणूस जनावरासारखा रांगताना बघायचा म्हणजे काय होत असेल. त्यापेक्षा मेलेला बरा, असं वाटत असेल तिला. पण मला तसं वाटत नाही आणि वाटूही द्यायचं नाही.

१९ ऑक्टोबर

गुरुवारच्या पोळ्यांतली एक उचलली. चोरीच ती, पण पुण्याची. फडक्यात बांधून अकरा नंबरच्या समोर ठेवली. मातीत हाताच्या तळव्यांच्या खुणा होत्या, बुटांची एकही नाही. म्हणजे पाय खरंच गेलेत.

बुजलेल्या जनावराला जसं हळूहळू वळवतात तसंच करायचं ठरवलंय. दर खेपेला खाऊ एक कॅमेरा खाली. येतील मागोमाग. तिथे उभं राहून मोठ्याने म्हटलं, "तेमिरकुल बैके, चला घरी. एजे वाट बघतेय."

रान एकदम गप्प होतं. पण कुणीतरी ऐकतंय असं वाटलं आणि बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर

अकरावरची पोळी नेलेली. फोटोत तेच, मान खाली, हात पुढे. दहावर ठेवली.

२४ ऑक्टोबर

दहावरचीही नेली. आज नऊ आणि आठ, दोन्ही ठिकाणी ठेवल्या. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य म्हटलं, नावासकट, आता मला ते गाण्यासारखं पाठ झालंय. चाचणीला रांगले तेव्हा जीभही दाखवली, बघत असतील तर हसतील म्हणून. एजेला सांगितलं की कॅमेरे काढायचं काम चाललंय. खोटं बोलताना तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते. या आठवड्यात एकाही कार्डावर कोल्हा नाही, रानशेळी नाही, पाखरूसुद्धा नाही. फक्त ते.

२८ ऑक्टोबर

सातवर पोळी तशीच पडून राहिली, दोन दिवस. पोळीने भागत नाही म्हटल्यावर मी खुंटीवरची टोपी नेली. आपल्या घरची वस्तू दिसली तर माणूस ओढला जाईल. नीट घडी घालून सहावर ठेवली.

आज टोपी नाही. पोळीही नाही. थेट चार नंबरवर फोटो आहे, डोक्यावर टोपी. उलटी घातलेली, आतलं अस्तर बाहेर. बिचाऱ्याला टोपी घालायचीही शुद्ध राहिली नाही.

चारवरून आमचं धुराडं दिसतं.

३१ ऑक्टोबर

एसेन आबा आला. कळप पुढे लावून स्वतः घोड्यावरून उतरला, आणि चहा पुढे केला तरी घेईना. मग खिशातून रुमाल काढून एजेच्या हातात दिला. आत घड्याळ होतं.

बारा नंबरच्या खालच्या घळीत, हिमकड्याच्या राडारोड्यात सापडले. मार्चपासून तिथेच. हाडंच उरलीत. पट्टा, घड्याळ, वनखात्याचं ओळखपत्र, सगळं अंगावर. फक्त चापान नाही. ते कुणी काढलं ते आबाला उमगेना.

एजेने घड्याळ कपाळाला लावलं आणि सात महिने दाबून ठेवलेला हंबरडा फोडला. आबा बाहेर जाऊन उभा राहिला. मी भिंतीला टेकून होते. पुष्कळ वेळाने मी विचारलं, मग तू त्या दिवशी फोटो बघून 'तेच' का म्हणालीस?

तिने रुमालाने तोंड पुसलं. मग अगदी हळू म्हणाली,

"आमच्या ह्यांना मी कधी 'ते' म्हटलंय का गं? हे म्हणजे घरातलं माणूस. ते म्हणजे बाहेरचं. त्याला नाव नसतं, नाव दिलं की ते नाव पांघरून दारात येतं. एवढं तुझ्या आईने नाही शिकवलं?"

शिकवलं होतं. मी शहरात विसरले.

मग तिची नजर रिकाम्या खुंटीवर गेली. ती ओरडली नाही. एकच विचारलं, नाव घेऊन हाक मारलीस? मी हो म्हटलं. किती वेळा ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१ नोव्हेंबर

एजेने भल्या पहाटे पोळ्या तळल्या आणि पहिली ह्यांच्यासाठी ठेवली. आबा नि ती हाडं घेऊन गावाला निघाले, आज माती द्यायची. मलाही चल म्हणून हाताला धरून ओढत होती. मी गेले नाही. जे मी खाली आणलं ते तसंच सोडून कशी जाऊ? उद्या परवात खालचे कॅमेरे काढते आणि पायी येते, म्हटलं.

घोड्यावर बसल्यावर ती वाकली आणि माझा डोक्याचा रुमाल नीट केला. म्हणाली, ज्याला ये म्हटलं त्याला जा म्हणता येत नाही पोरी, आपणच निघून जायचं असतं. परवापर्यंत आली नाहीस तर मीच येईन तुला न्यायला.

२ नोव्हेंबर

तीन, दोन आणि एक काढून आणले. दिवसाउजेडी, पळतच. चारपर्यंत गेले, कॅमेरा काढला, पण त्याच्यामागच्या झाडाकडे बघितलं नाही. तिथे काहीतरी निळं होतं.

कार्डं बघितली. दोन नंबरवर दहा फोटो आहेत, सगळे परवाच्या सकाळचे, म्हणजे आम्ही आत रडत होतो तेव्हाचे. यात मान वर आहे. चेहरा आहे. म्हणजे चेहऱ्याच्या जागी जे काही असायला हवं ते सगळं आहे, पण कुणीतरी ऐकीव माहितीवर मांडल्यासारखं. आणि जीभ बाहेर काढलेली. दहाच्या दहा फोटोंत. ती परत आत घ्यायची असते हे त्याला माहीत नाही.

मग माझ्या लक्षात आलं. सात महिने मी समजत होते, पाय गेलेत म्हणून ते रांगतंय. नाही, सात महिने नव्हे, मी तर महिन्याभराचीच, काय लिहितेय मी. पाय गेलेले नाहीत. त्याने माणूस बघितलाय तो फक्त आमच्या कॅमेऱ्यांसमोर. आधी ते, म्हणजे बैके. मग मी. प्रत्येक वेळी गुडघ्यांवर.

माणूस असाच चालतो, असं त्याला वाटतं.

३ नोव्हेंबर

बर्फ. रात्रीत कंबरेपर्यंत. वाट दिसत नाही. साहेब म्हणाले, जागची हलू नकोस, पुलापर्यंत रस्ता मोकळा झाला की माणसं पाठवतो. पॅनल झाकलं गेलंय, रेडिओचा आवाज खोल गेलाय.

४ नोव्हेंबर

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर फडकं. माझंच. आत पोळ्या, एकावर एक. मोजायची गरज नव्हती, सगळ्या होत्या. एकीलाही दात लागलेला नाही. ते पोळ्या खायला नेतच नव्हतं. कसं बोलवतात ते शिकत होतं.

बर्फात खुणा. तळवे, गुडघे, तळवे, गुडघे. दारापर्यंत आणि परत.

पोळ्या चुलीत टाकल्या. जळताना वास सुटला, गुरुवारसारखाच. मग सुचलं की हा वासच तर— नको.

५ नोव्हेंबर

फडकं पुन्हा. आज सरपणाच्या ढिगाशी, जिथे एक नंबर होता. वीस पावलांवर. मी गेले नाही. खिडकीतून बघितलं.

म्हणजे दर खेपेला थोडं लांब. माझीच रीत, मी ओळखते.

रेडिओ— अर्धंच ऐकू आलं. साहेब विचारत होते, कालिपा पोचली का? काल पहाटे गावातून एकटीच निघाली म्हणे, घोडा घेऊन, कुणाचं ऐकेना. पोरगी एकटी आहे, एवढंच म्हणत होती. मी नाही म्हणेपर्यंत बॅटरी गेली.

अगं एजे. मी दोन दिवसांत येते म्हटलं होतं ना. मीच आले नाही.

६ नोव्हेंबर

घोडा आला. एकटा. खोगीर पोटाखाली फिरलेलं. गोठ्यात जाईना, अंगणात गोल गोल फिरतोय.

दुपारी उंबऱ्यावर तिचा रुमाल. पांढरा, कडेला निळी वेलबुट्टी. व्यवस्थित घडी घातलेला, मी टोपीची घातली होती तशी.

रक्त नाही. कुठेही नाही. मी उलटसुलट करून बघितला. त्याला तिच्या हाताचा, तेलाचा वास येतोय.

७ नोव्हेंबर

ढिगाशी तिच्या बुटावरचा रबरी जोडा. एकच. दुसरा दिसतोय ओढ्याशी, दोन नंबरपाशी. काळा, पांढऱ्या बर्फात.

मला कळतंय हे काय चाललंय. मीच शिकवलंय. पोळीने भागलं नाही की घरची वस्तू ठेवायची.

पण ती जिवंत असेल तर? घोड्यावरून पडून पाय मोडला असेल, कुठेतरी झाडाखाली बसली असेल, तर? अशाच 'असेल तर'ने मी हे सगळं करून बसलेय, हेही कळतंय. कळून काय करू. ती माझ्यासाठी आली. माझा रुमाल नीट करून गेली होती.

अजून उजेड आहे. वही खिशात घेतेय. सापडली तर साहेबांना सांगा, तारीख बिघडली नव्हती.

दोन नंबर. जोडा घेतला. ऊबदार नाही.

तीनपाशी काही नाही. फक्त खुणा. माझ्या पावलांच्या बाजूने चालल्यात, ताज्या, मी थांबले की—

चार. तिचं घड्याळ, म्हणजे ह्यांचं, जे आबाने दिलं. फांदीला लटकवलंय. चालू आहे. हाक मारली, एजे, एजे. नाव घेतलं नाही, तेवढं शिकलेय.

बर्फ मांडीपर्यंत. चालता येत नाही. हातांनी रेटत, गुडघ्यांवर— मीही आता—

पाच. कॅमेरा आहे इथे, काढला नव्हता मी. लाल दिवा लुकलुकतोय. मी त्याच्यामागे आहे. समोर नाही.

झाडांत कुणीतरी बोललं. बाईचा आवाज. एजेचा नाही. ओळखीचा आहे, कुठे ऐकलाय—

माझा. माझाच आहे. गाण्यासारखा पाठ.

उमसुनाय, चला घरी. एजे वाट बघ—